जाऊ गेली पोर्तुगालला

गोरखपुर, जबलपुर
१९ नोव्हेंबर २०२३

प्रिय मीरा,

अनेक आशीर्वाद. फोनवर काही बोलता येत नाही म्हणून हे लिहून राहिली. आपल्या घरी फोन म्हणजे पंचायत. तुझा कॉल आला की हे स्पीकर लावतात, भय्यासाहेब धाकट्या लेकाचा आवाज ऐकायला खुर्ची सरकवून जवळ येतात, विभावरी मधातच "हाय काकी" करून जाते, अन् माझ्या वाट्याला शेवटी "चलो, ठेवते" एवढंच येते. आपण दोघी जावा आहोत, पण दहा वर्षांत दोघीच अशा कधी बोललो नाही. म्हणून मेलवर लिहिते. तूही इथंच लिही. हा माझा एकटीचा पत्ता आहे.

दिवाळीला तुम्ही दोघं नव्हते. पहिल्यांदाच. पुण्याहून यायचे तेव्हा दिवाकर भाऊजी शंकरपाळे तळायला बसायचे, यावर्षी ते पण मीच तळले. त्यात दुपारी डेन्मार्कची मीटिंग. एका हातात झारा, कानात हेडफोन, अन् तिकडं साहेब विचारते, धुण्याच्या मशीनच्या पुस्तकातलं सहावं पान तयार आहे का. मी त्या कंपनीच्या मशीनींची माहितीपुस्तकं सुधारून देते हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण घरून काम म्हणजे घरचंच काम, असं सगळे समजतात. बेल वाजली की मीच उठायचं.

तुझे फोटो पाहिले. ब्रागा गाव छान आहे. खिडकीतला पांढरा पडदा फार सुंदर. खरं सांगू, मी तो फोटो मोबाइलवर मोठा करून करून पाहिला, कुठं डाग दिसते का म्हणून. नाही दिसला. तू हसशील, हस.

एक विचारायचं होतं. आपल्या गल्लीतल्या बेबीताईंची शकु आहे नं, ती पण परदेशी कंपनीचं काम घरूनच करते. तिला बाहेर जाऊन राहायचं आहे, तेच काम तिथून करायचं. तुम्हाला मिळाला तो व्हिसा तिला मिळेल का? आणखी कोणत्या देशाचे असतात? सविस्तर लिही. ती माझ्या मागे लागली आहे.

भाऊजींना आशीर्वाद.

तुझी,
विनता


ब्रागा, पोर्तुगाल
३ डिसेंबर २०२३

ती. विनतावहिनींना,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचं पत्र वाचून फार मजा वाटली. पडद्यावरचा डाग शोधणाऱ्या तुम्ही पहिल्याच!

आम्ही दोघंही मजेत आहोत. सकाळी खाली बेकरीतून गरम पाव आणतो, मग मी कामाला बसते. पुण्यात ऑफिसला जाता-येता दोन तास रस्त्यातच जायचे, ते आता माझे आहेत. दिवाकर पोर्तुगीज शिकतोय, रोज फिरायला जातो, एकदम खूश आहे. त्याने विमा कंपनीतली नोकरी सोडली तेव्हा भय्यासाहेबांना वाईट वाटलं होतं, पण आता बघा, पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याचं ब्लडप्रेशर आटोक्यात आहे.

आता शकुबद्दल. आमचा व्हिसा हा दुसऱ्या देशातल्या कंपनीचं काम लांबून करणाऱ्यांसाठी आहे. अट अशी की पगार इथल्या किमान वेतनाच्या चौपट हवा. कंपनीचं पत्र हवं की ही बाई कुठूनही काम करू शकते. राहायच्या जागेचा करार हवा, पोलिसांचा दाखला हवा. नवऱ्याला सोबत आणता येतं, त्याला 'आश्रित' म्हणून कार्ड मिळतं. पाच वर्षं राहिलं की कायमचं राहण्यासाठी अर्ज करता येतो.

स्पेनचाही असा व्हिसा आहे. तिथे पगाराची अट जरा कमी, पण पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. दुबईचा एक वर्षाचा आहे, पण तिथे महागाई. मलेशियाचा स्वस्त पडतो, पण तो मुख्यतः संगणकाची कामं करणाऱ्यांसाठी, आणि वर्षभराचाच, एकदाच वाढवून मिळतो.

शकुला म्हणावं, हे दिसतं तितकं सोपं नाही. पुण्यामुंबईच्या लोकांनाही एजंट लावावा लागतो. जबलपुरात बसून कोण मार्गदर्शन करणार तिला?

तुमच्या हातच्या चकल्यांची आठवण येते. घरच्या सगळ्यांना नमस्कार.

तुमची,
मीरा


गोरखपुर, जबलपुर
७ जानेवारी २०२४

प्रिय मीरा,

आशीर्वाद. मटार सोलता सोलता हे लिहून राहिली. मझौलीकडून गाड्या भरभरून मटार येऊन राहिला, हिरवागार, गोड. ह्यांनी एकदम पंधरा किलो आणून टाकला, अन् "तू घरीच तर असते" म्हणून ऑफिसला निघून गेले. वीज कंपनीचे साहेब ते. घरी राहणाऱ्या बाईचे पण साहेब असतात, हे त्यांना कोण सांगेल?

तू लिहिलंस, जबलपुरात कोण मार्गदर्शन करणार. बाप्पा! ब्रागात इंटरनेट आहे तसं इथंही आहे. शकुनं सगळं वाचून काढलं आहे. पोर्तुगालच्या अटीत तिचा पगार बसत नाही. स्पेनला अगदी थोडा कमी पडते. तेवढं अंतर पाहून ती दोन दिवस जेवली नाही म्हणे.

तिचे आणखी काही प्रश्न आहेत. नवऱ्याला सोबत न्यायचं नसेल तर एकटीला व्हिसा मिळते का? एकटी लग्नाची बाई पाहून ते लोक वेडंवाकडं विचारतात का? अन् घरी म्हातारा सासरा असेल, पोरगी बारावीत असेल, तर माणूस कसं निघते? हा काही व्हिसाचा प्रश्न नाही, मला माहीत आहे. पण तू निघाली नं. कसं निघाली, तेवढं सांग. रडू आलं होतं का? की दार लावून चावी घरमालकाला दिली अन् संपलं?

विभावरी अभ्यासाला लागली आहे. भय्यासाहेबांची साखर वाढली, आता रोज सुई टोचावी लागते. माझ्याशिवाय कोणाच्या हातून टोचून घेत नाहीत. म्हणतात, विनताचा हात हलका.

हलका हात असणं पण महागात पडते.

तुझी,
विनता


ब्रागा
२१ जानेवारी २०२४

ती. विनतावहिनींना,

नमस्कार. तुम्ही शकुचं इतकं मनावर का घेताय? मला तर तिची कथा जरा विचित्रच वाटते. नवऱ्याला न घेता परदेशी जायचं, सासऱ्याला टाकून, बारावीतली मुलगी घरी! वहिनी, मी लहान आहे, पण स्पष्ट लिहिते. घरात काहीतरी बिनसलं असणार तिचं. तुम्ही त्यात पडू नका. उद्या बेबीताई म्हणतील, विनतानेच फूस दिली.

आणि एकटी बाई व्हिसा मागते तेव्हा कोणी काही वेडंवाकडं विचारत नाही. कागद बघतात, बस.

मी कशी निघाले म्हणून विचारलंत. आमचं वेगळं होतं. आम्हाला मूल नाही, सासरची जबाबदारी तुम्ही सांभाळता, पुण्याचं घर भाड्याचं. आम्हाला जमलं. सगळ्यांना जमेलच असं नाही, आणि जमायलाच पाहिजे असंही नाही. घर सांभाळणारी माणसं हवीतच ना. तुम्ही आहात म्हणून तर आम्ही निर्धास्त आहोत.

आनंदाची बातमी म्हणजे आमची दोघांची कार्डं हातात आली. आता आम्ही रीतसर इथले रहिवासी. दिवाकरने त्या दिवशी साजूक तुपातला शिरा केला.

पाऊस मात्र थांबत नाही. भिंतीला बुरशी येते, रोज पुसावी लागते. फोटोत ती दिसत नाही एवढंच.

तुमची,
मीरा


गोरखपुर, जबलपुर
३ मार्च २०२४

मीरा,

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर लिहायला बसली होती. चार वेळा लिहिलं अन् चार वेळा पुसलं. "घर सांभाळणारी माणसं हवीतच ना" हे वाक्य मला उठता बसता टोचून राहिलं होतं. तेवढ्यात दारात दिवाकर भाऊजी उभे. हातात एक बॅग, अंगात तो तिकडचा जाड कोट, अन् जबलपुरात ऊन पडलेलं.

तीन आठवडे झाले त्यांना. तू फोनवर भय्यासाहेबांना सांगितलंस, "वडिलांना भेटायला आलाय, येईल लवकर." भय्यासाहेबांनी मान डोलावली. पण मी पहिल्याच रात्री समजली. भाऊजी ताटावर बसले, वरणभात कालवला, अन् कालवतच राहिले. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "वहिनी, तिथं मी कोणीच नाही. कार्डावर लिहिलं आहे आश्रित. मीरा मीटिंगमध्ये असली की मी आवाज न करता चहा करतो. पाच महिने मी आवाज न करता राहिलो."

ब्लडप्रेशरचं तू लिहिलं होतंस. ते गोळ्यांनी आटोक्यात आहे, फिरण्यानं नाही. गोळ्या मी पाहिल्या.

काहून लपवलं गं? मला काहून नाही सांगितलं? मी काय गावभर बोंबलली असती?

आता माझं ऐक. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं पण. पण भाऊजी झोपायला गेले तशी मी स्वयंपाकघरात उभी राहून गाणं गुणगुणून राहिली होती. मला माझंच आश्चर्य वाटलं. तुझ्या त्या सुंदर घरात एक माणूस पाय न वाजवता हिंडत होता, हे ऐकून माझ्या छातीवरचा दगड उतरला. दुसऱ्या दिवशी मी खीर केली. घरातले म्हणाले, दिवाकर आला म्हणून. मी त्यांना म्हणू दिलं.

इतका हेवा मी तुझा करते. आता तुला माहीत झालं.

भाऊजी इथं बरे आहेत. भय्यासाहेबांना सकाळी ग्वारीघाटला नर्मदेवर नेतात, सुई टोचायला पण शिकले. मी दुपारी दार लावून काम करते अन् बेल वाजली तर ते उठतात. असं सुख मला लग्नापासून मिळालं नव्हतं.

विनता


ब्रागा
९ एप्रिल २०२४

विनतावहिनी,

महिनाभर मी उत्तर दिलं नाही, कारण जे लिहावंसं वाटत होतं ते पाठवण्यासारखं नव्हतं. आजही नाही, पण पाठवते.

तुम्हाला माझ्या पडद्याचा हेवा वाटतो. मला तुमचा कधीपासून वाटतो सांगू? लग्न होऊन मी पहिल्यांदा जबलपूरला आले तेव्हापासून. पोळी भाजली तर दिवाकर म्हणायचा, वहिनीची पातळ असते. साडी नेसले तर भय्यासाहेब म्हणायचे, विनताला विचार, ती निऱ्या छान घालते. आजारी पडला की त्याला पुण्यात तुमच्या हातची मुगाची खिचडी आठवायची. मी त्याला पोर्तुगालला नेलं ते फक्त कामासाठी नाही. मला वाटलं, इतक्या लांब तरी तुमचं नाव निघणार नाही. इथे पहिल्याच आठवड्यात तो बाजारात उभा राहून म्हणाला, "वहिनी असती तर या भाजीचं काय केलं असतं?"

आणि आता तो तुमच्याकडेच आहे. तुम्ही दार लावून काम करता आणि माझा नवरा बेल वाजली की तुमच्या घरचं दार उघडतो. व्हिडिओ कॉलवर तो मला सांगतो, "आज वहिनीने भरली वांगी केली होती." त्याचा चेहरा भरलाय. माझ्यासमोर पाच महिन्यांत तो असा दिसला नाही. वहिनी, मी कॉल बंद करून भिंतीवरची बुरशी घासते. खरवडून काढते. हाताची कातडी निघाली.

आणखी एक. दिवाकर काल बोलता बोलता म्हणाला, बेबीताईंच्या शकुचं लग्नच झालेलं नाही आणि ती तिच्या बँकेत रोज स्कूटीवर जाते. मग कळलं मला, पगार कोणाचा कमी पडत होता आणि दोन दिवस कोण जेवलं नाही. तुम्ही मला इतकं परकं समजलात? मी शकुबद्दल काय काय लिहिलं ते आठवून लाज वाटते. पण तुमचाही राग येतो.

आता कामाचं. इथला नियम असा की कार्डवाला माणूस सलग सहा महिने बाहेर राहिला तर कार्ड रद्द होऊ शकतं. दिवाकर फेब्रुवारीत गेला, म्हणजे ऑगस्टच्या आत त्याला यायला हवं. मी सांगितलं तर तो "बघू" म्हणतो. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल. तुमचं सगळे ऐकतात.

तुम्हाला हे सांगायची इच्छा नसेल, हेही मला कळतं. तो तिथे असला तर तुम्ही मोकळ्या. मी विनवणी करत नाही. फक्त कळवते.

मीरा


गोरखपुर, जबलपुर
१४ जुलै २०२४

मीरा,

तुझं पत्र मी तीन महिने ठेवून दिलं. भाऊजींना काही सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, ऑगस्ट येऊन जावा असं मला वाटत होतं. मे महिन्याच्या शेवटी बातमी आली की थायलंड नवा व्हिसा काढून राहिलं. पाच वर्षांचा. एका वेळी सहा महिने राहायचं, हवं तर तिथंच वाढवून घ्यायचं, अन् काम आपल्या कंपनीचंच करायचं. पगाराची चौपट दुप्पट नाही, बँकेत ठरलेली शिल्लक दाखवायची अन् कंपनीचं पत्र. शिल्लक माझी आहे, दहा वर्षांची, माझ्या नावाची. मी हिशेब मांडला. विभावरी ऑगस्टमध्ये इंदूरला होस्टेलवर जाईल. घरी भाऊजी आहेत, भय्यासाहेबांना सुई टोचतात. ते राहिले की मी सुटली. तुझा नवरा माझ्या व्हिसाचा एक कागद झाला होता, मीरा. मी त्याला कागदासारखं सांभाळत होती. आवडीचं करून घालत होती.

मागच्या रविवारी आम्ही सगळे बरगीला धरणावर गेलो होतो. भय्यासाहेबांना पाणी पाहायचं होतं. भुट्टे खात बसलो होतो. ह्यांनी भाऊजींना सहज विचारलं, "अच्छा, मीराकडं परत कधी जातो?" भाऊजी म्हणाले, "तिनं तर काही म्हटलं नाही. तिला नको असेल मी."

ते ऐकलं अन् मी हातातला भुट्टा खाली ठेवला. तो माणूस समजून राहिला होता की बायकोनं बोलावलंच नाही. तू "ये" म्हणाली नाहीस, तू "कार्ड रद्द होईल" म्हणालीस. अन् तुझं उरलेलं बोलणं माझ्यापाशी अडकलेलं.

मी तिथंच सगळ्यांसमोर बोलली. म्हटलं, "भाऊजी, तिला तुम्ही पाहिजे. तिनं मला लिहिलं आहे. तुमच्या वांग्याच्या गोष्टी ऐकून ती हाताची कातडी निघेपर्यंत भिंत घासते. ऑगस्टच्या आत जा."

भाऊजी म्हणाले, "मग तुम्ही मला आधी काहून नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "मला जायचं आहे म्हणून. तुम्ही इथं राहिले तर मला जाता येते."

हे हसले. "कुठं जायचं आहे? माहेरी?"

"थायलंडला. सहा महिने. काम घेऊन."

मग जे व्हायचं ते झालं. ह्यांनी भुट्टा पाण्यात फेकला. "अन् मी? मी काय करू?" मी म्हटलं, "तुमचे वडील आहेत. सुई भाऊजी शिकले, तुम्ही पण शिकाल." भय्यासाहेब तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. भाऊजींना मात्र रात्री बोलावून म्हणाले, "तू माझ्यासाठी इथं थांबला नाहीस. तिथं कोणी विचारत नाही म्हणून रुसून आलास. जा आता."

तिकीट काढलं आहे, २८ तारखेचं. बॅगेत चकल्या देऊन राहिली. त्यांना काही म्हणू नको, अन् माझ्याशी तुलना करून घेऊ नको. त्यांना तिथं काहीतरी आवाजाचं काम पाहून दे. माणूस आवाज केल्याशिवाय जगत नाही.

मी जाणार आहे. घरी भाऊजी नसले तरी. ठरलं.

विनता


ब्रागा
११ ऑगस्ट २०२४

ती. विनतावहिनींना,

नमस्कार. दिवाकर पोहोचला. चकल्या अर्ध्या मोडल्या होत्या, आम्ही चुऱ्यासकट खाल्ल्या.

विमानतळावर मी त्याला "ये" एवढंच म्हणाले. फार उशिरा म्हणाले. बसमध्ये तो माझ्या खांद्यावर झोपला.

तुम्ही तीन महिने पत्र दाबून ठेवलंत याचा मला राग आहे. तो जाणार नाही, एवढ्यात तरी. पण तुम्ही नवऱ्यादेखत, सासऱ्यादेखत धरणावर उभं राहून जे बोललात ते मला आयुष्यात जमलं नसतं. मी पुण्याहून निघाले तेव्हा भय्यासाहेबांना 'कंपनी पाठवतेय' असं सांगितलं होतं. कंपनीने पाठवलं नव्हतं. मीच सहा महिने मागे लागले होते.

खाली बेकरी आहे ना, तिथे दिवाकरला पहाटेचं काम मिळालंय. मळलेलं पीठ ओट्यावर आपटायचं. घरी आला की पिठाने पांढरा असतो आणि मोठ्याने बोलतो. माझी मीटिंग चालू असली तरी.

तुमचं कुठवर आलं?

मीरा


चियांग माई, थायलंड
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय मीरा,

आशीर्वाद. पत्ता वाचलास नं?

कागद दिल्लीला पाठवले होते. डेन्मार्कच्या साहेबानं पत्र एका ओळीत दिलं, मला वाटत होतं नाही म्हणेल. उलट विचारते, इतके दिवस का नाही गेलात? त्याला काय सांगू.

ह्यांनी ऑक्टोबरभर तोंड फुगवलं. मग एक दिवस संत्र्यावर सुई टोचायचा सराव करताना दिसले. पाहून मी मागं फिरली. स्वयंपाकाला सत्यभामाबाई लावली आहे. ह्यांना तिची भाजी आवडत नाही. मी म्हटलं, तिला सांगा, मला नका सांगू.

मदनमहल स्टेशनवर हे आले होते, विभावरी इंदूरहून आली होती, शकु पण आली, खरी शकु! म्हणाली, "दीदी, माझ्या नावानं तुम्ही व्हिसा विचारला म्हणे, मग मिठाई तो बनती है." भय्यासाहेब आले नाहीत. अजून फोनवर येत नाहीत. ह्यांच्या मागून खोकला ऐकू येते, तेवढाच. तो ऐकू आला की माझा हात थांबते. मला वाटलं होतं इथं आल्यावर ते सगळं सुटेल. नाही सुटलं.

पण मीरा, इथं मला एक खोली आहे. एक टेबल. समोर डोंगर. बेल नाही. पहिल्या दिवशी मी दोन तास सलग काम केलं अन् घाबरून उठली, की कोणी हाक कशी नाही मारली. मग पुन्हा बसली. संध्याकाळी खाली उतरून एका बाईकडून भात अन् कसलीशी रसाची भाजी घेतली. कोणी दुसऱ्यानं रांधलेलं, मला वाढलेलं. मी रस्त्यावरच्या स्टुलावर बसून खाल्लं अन् रडली. ती बाई घाबरली, तिला वाटलं तिखट लागलं.

फोटो पाठवून राहिली.

तुझी,
विनता


ब्रागा
१ डिसेंबर २०२४

विनतावहिनी,

फोटो आला. स्टुलावर बसलेला. केस मोकळे, पायात स्लिपर, आणि तुम्ही कोणाकडेच बघत नाही आहात. इतक्या वर्षांत तुमचा असा एकही फोटो मी पाहिला नाही. प्रत्येक फोटोत तुम्ही कोणालातरी काहीतरी वाढत असता.

दिवाकरला दाखवला. तो "वा!" म्हणाला आणि पीठ झटकत आंघोळीला गेला. मी मात्र तासभर बघत बसले. काम राहून गेलं.

मी इथे नवऱ्याला घेऊन आले, खोटं बोलून आले, आणि वर्षभर सगळ्यांना सुखी आहोत असं दाखवत राहिले. तुम्ही एकट्या गेलात, खरं बोलून गेलात, आणि स्टेशनवर माणसं पोहोचवायला आली. आम्ही निघालो तेव्हा पुण्यात घरमालकाने चावी घेतली आणि नळ बंद केलाय का विचारलं. बस.

मला तुमचा फार हेवा वाटला, वहिनी. पोळीचा नाही, निऱ्यांचा नाही. तुमचा. काल रात्री मी दिवाकरशी त्यावरून भांडलेसुद्धा, त्या बिचाऱ्याला कारण कळलं नाही.

हे कबूल करायचं नव्हतं. पण तुम्ही केलंत, म्हणून.

मीरा


चियांग माई
२ डिसेंबर २०२४

प्रिय मीरा,

सकाळी उठल्या उठल्या तुझं पत्र वाचलं. चहा केला, पुन्हा वाचलं. मग काम सुरू करायचं सोडून तिसऱ्यांदा वाचलं.

बेचाळीस वर्षांची झाली मी. माझी कीव केली लोकांनी, कौतुक केलं, माझ्यावाचून अडलं पण लोकांचं. पोळीचा, निऱ्यांचा हेवा तू केलास, पण माझा कोणी केला नव्हता गं. अन् आज तू केलास.

आता लगेच मन मोठं करून "जाऊ दे" म्हणू नको. आणखी चार दिवस कर.

तुझी,
विनता